पहिल्यांदा सुया टोचून घ्यायला जाताना

(महिला मंडळ आणि ग्राम स्वयंसेवकांच्या वाशीम येथील एकत्र मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीनंतर आपल्या केंद्रावर दर शनिवारी ॲक्युपंक्चरचे उपचार सुरू होत आहेत. उपचार करणाऱ्या भगिनी बाहेरगावाहून येतील. सुया त्या टोचतील, पण माणूस तिथपर्यंत आणायचं काम तुमचं आहे. मालेगाव आणि मानोरा तालुक्यांतल्या आंध वस्त्यांवरून, कारंज्याकडच्या पारधी बेड्यांवरून म्हातारी माणसं तुमचा शब्द धरून येणार. ती पहिल्याच दिवशी घाबरून परत गेली, किंवा तुम्ही भलती आशा लावली म्हणून महिन्याभराने रागावून गेली, तर पुढे आपण लेकरांच्या वजनाला बोलावलं तरी ती येणार नाहीत. म्हणून आज मी सगळं पहिल्यांदा येणाऱ्या रोग्याच्या बाजूने सांगणार आहे. त्याला काय विचारतील, काय करतील, कसं वाटेल, आणि कशाची अपेक्षा धरू नये.

मी डॉक्टर नाही. समाजकार्य आणि ईश्वरविज्ञानाची पदविका एवढंच माझं शिक्षण. पण अशा उपचारांच्या खोलीत रोग्याजवळ बसून राहण्याचं काम मी बरंच केलं आहे, त्यामुळे लोक कुठे अडखळतात ते ठाऊक आहे.

गावात सुई म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक इंजेक्शन. ‘सुई लावल्याबिगर बरं वाटत नाई’ असं म्हणणारी माणसं प्रत्येक वस्तीवर आहेत. ती खुशीने येतील आणि मग विचारतील, ‘याच्यात औषध कोणतं हाय?’ यात औषध नाही, हे आधीच सांगा, नाहीतर त्यांना फसवल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे डाग. कंबर धरली, पोट दुखलं की बिब्ब्याचा डाग द्यायचा, तापलेल्या लोखंडाचा चटका द्यायचा, हे आपल्या भागातून अजून पुरतं गेलेलं नाही. आजीबाईंच्या पाठीवर तुम्हाला जुने व्रण दिसतील. ‘बाई, मले भेव लागते, चटका देतेत का?’ असं मला एका आजीने विचारलं होतं. अशा प्रश्नाला हसू नका. तिने जे पाहिलं, भोगलं, त्यावरूनच ती विचारते.

यावर माझा उपाय साधा आहे. सुई दाखवायची. इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचं असतं. ही सुई भरीव असते. जाडी साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईच्या निम्म्याहूनही कमी. बोटाने दाबली की लवते. एकदा ती पाहिली की निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी शेजारच्या खाटेवरची बाई सुया लावून घोरताना दिसली की जाते.

आता ही विद्या आली कुठून, हेही लोक विचारतात. ती चीनची, फार जुनी. आपल्या देशात ती आली त्याच्या मागे एका मराठी माणसाच्या सेवेची वाट आहे. १९३८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपल्या वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं त्याच वर्षी, युद्धात सापडलेल्या चीनला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस तिथेच राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांताराम यांचा चित्रपट जुन्या मंडळींनी पाहिला असेल. बसू परत आले, पुढे १९५८च्या सुमारास पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ॲक्युपंक्चरची सुरुवात तिथून धरतात. कोटणीसांनी स्वतः सुया टोचल्या असं काहीजण ठोकून सांगतात, ते नका सांगू. ते शल्यचिकित्सक होते. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे.

आता पहिला दिवस.

पहिल्या दिवशी वेळ जास्त लागतो. पाऊण तास, कधी तासभर. त्यातला बराचसा वेळ विचारण्यात जातो. कुठे दुखतं, कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, उठताना की बसताना, शौचाला कसं होतं, झोप लागते का, पाळी येते की गेली. गुडघा दाखवायला आलेल्या बाईला हे विचित्र वाटतं. ‘गुडघ्याचं सोडून हे कायले पुसतेत?’ असं तिला वाटणार. तिला आधीच सांगून ठेवा की हे विचारतील, आणि नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर बोलायचं नसेल तर त्यांना बाहेर बसवता येतं. मग जीभ बघतात आणि दोन्ही मनगटांची नाडी बघतात. जीभ बघायची असते म्हणून त्या सकाळी खर्रा खाऊ नये. हे सांगणं सोपं, पाळणं कठीण, मला माहीत आहे. निदान चूळ भरून यावं.

पण उपाशी येऊ नये, हे मात्र कडक सांगा. आपल्या बाया पहाटे उठून कोऱ्या चहावर निघतात, दोन कोस चालतात, मग एसटी. अशा रिकाम्या पोटी सुया लावल्या की घेरी येते, घाम फुटतो. भाकरीचे चार घास खाऊनच यायचं. लेंटमध्ये उपास धरणाऱ्या आपल्या मंडळीतल्या भगिनींनीही उपासाचा दिवस आणि उपचाराचा दिवस वेगळा ठेवावा. फार थकून, धावतपळत आलेल्या माणसालाही आधी थोडं बसू द्यावं, पाणी द्यावं.

कपडे सैल असावेत, गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत वर घेता येतील असे. लुगड्याला अडचण नाही. बायांसाठी पडदा असेल आणि आपली एक भगिनी कायम आत असेल. हे मी केंद्राला अट म्हणूनच घातलं आहे.

मग सुया. पहिल्या वेळी थोड्याच लावतात, पुढे दहा-पंधरापर्यंत जातात. एक गोष्ट लोकांना कळत नाही ती ही, की दुखणं कंबरेचं आणि सुई पायाला किंवा हाताला, असंही असतं. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, काहींना तेवढंही नाही. त्यानंतर आत जडपणा येतो, ठणक किंवा मुंग्या, कधी वीज गेल्यासारखं. हे अपेक्षितच असतं. डॉक्टरीणबाई मुद्दाम विचारतील, ‘जड वाटतंय का?’ पण आग झाली, तीव्र कळ आली, तर दात ओठ खाऊन गप्प बसायचं नाही. हे मी दोनदा सांगते, कारण आपली आदिवासी माणसं दवाखान्यात तोंड उघडत नाहीत. बाळंतपणाच्या खोलीत ‘ओरडू नको’ असं ऐकून घेतलेल्या बाया आहेत या. त्यांना सांगा, इथे बोललं तर कोणी रागावत नाही. हात वर केला की सुई निघते.

सुया वीस ते तीस मिनिटं राहतात. तेवढा वेळ निवांत पडायचं, हलायचं नाही. काही वेळा सुईला बारीक तारा लावून हलका वीजप्रवाह देतात. नको असेल तर नको म्हणता येतं, आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्याने तो घ्यायचाच नाही. काही वेळा दवण्याच्या जातीच्या वाळलेल्या पाल्याची कांडी पेटवून दुखऱ्या जागेजवळ धरतात. अंगाला लावत नाहीत, फक्त शेक देतात. ज्या आजींना डागाची भीती आहे त्यांना हे आधी सांगा, नाहीतर धूर बघून त्या खाटेवरून उतरतील. ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे किंवा जुन्या कुष्ठरोगामुळे बधिरपणा आहे त्यांना हा शेक नकोच. भाजलेलं त्यांना कळत नाही.

सुया काढल्यावर एखादा रक्ताचा थेंब येतो, कुठे निळसर डाग पडतो. दोन-चार दिवसांत जातो. त्या दिवशी पुष्कळांना पेंग येते, म्हणून मोटारसायकलवर आलेल्याने थोडं बसून मगच निघावं. काहींचं दुखणं पहिल्या रात्री किंचित वाढतं आणि मग उतरतं. पाठीत किंवा छातीत सुई लावल्यानंतर दम लागला, छातीत कळ आली तर मात्र घरी वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. असं फार क्वचित होतं, पण होऊ शकतं, आणि झालं तर ते फुप्फुसाचं असू शकतं.

एका वेळेत बरं होत नाही. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, असं सहा ते दहा वेळा यावं लागतं. चार-सहा वेळांत काहीच फरक नसेल तर पुढे ओढत न्यायचं नाही, थांबायचं. आता इथे आपण दवाखान्याच्या बाहेरचा विचार करायला हवा. दहा वेळा येणं म्हणजे मजुरीचे दहा दिवस आणि दहा वेळचं बसभाडं. सोयाबीनची सोंगणी चालू असताना, कापूस वेचणीच्या भरात कोणती बाई येईल? आणि तिने का यावं? म्हणून आपण दिवाळीनंतर सुरुवात करतो आहोत, वेचणी लांबलेल्या गावांची नावं नंतर घेतली तरी चालेल. एका वस्तीवरच्या पाच-सहा जणींना एकत्र आणलं तर गाडी करता येते. ज्या हितचिंतकांनी मला विचारलं की देणगीतून काय द्यावं, त्यांना माझं उत्तर हेच असतं: यंत्र नको, खाट नको, जाण्यायेण्याचं भाडं द्या. सुया स्वस्त असतात. महाग पडतो तो दिवस.

आता गुण किती येतो? इथे मी स्पष्ट बोलणार आहे, कारण आपल्यापैकी काही उत्साही बंधूंनी वस्तीवर ‘लकवासुद्धा बरा होतो’ असं सांगायला सुरुवात केली आहे.

जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज, खांदा, वारंवार होणारी डोकेदुखी, या दुखण्यांवर ॲक्युपंक्चरचा चांगला अभ्यास झालेला आहे. २०१८ साली सुमारे २१ हजार रोग्यांची माहिती एकत्र तपासून निष्कर्ष निघाला की दुखणं कमी होतं आणि वर्षभराने त्या आरामाचा थोडाच भाग ओसरतो. पण जर्मनीतला २००७ सालचा एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. जुनी कंबरदुखी असलेले ११६२ रोगी तीन गटांत वाटले. शास्त्राप्रमाणे सुया लावलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना सहा महिन्यांनी आराम होता. मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया लावलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. आणि गोळ्या, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे सुयांच्या उपचाराने अधिक माणसांना बरं वाटलं हे खरं, पण निम्म्या लोकांना तो गुण आला नाही हेही तितकंच खरं. आणि नेमक्या जागेचं जेवढं कौतुक सांगतात, तेवढा तिचा वाटा दिसत नाही. कोणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष दिलं, निवांत पडू दिलं, अंगाला हात लावून विचारलं, याचाही गुण असावा असं मला वाटतं. ज्या बाईला पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणी ‘बस’ म्हणत नाही, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

मग हे कशासाठी करायचं? कारण दुसऱ्या बाजूला काय चाललं आहे ते तुम्ही बघता. गुडघे धरलेली बाई किराणा दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणते आणि वर्षानुवर्षं रोज खाते. पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडतं. कोणी तिला स्टिरॉइडच्या गोळ्या देतो, चार दिवस ती धावते आणि मग तोंड सुजतं, साखर वाढते. या गोळ्या थोड्या कमी झाल्या, ती रात्री झोपली, विहिरीवरून घागर आणू शकली, तर माझ्या लेखी उपचाराचं चीज झालं. यापेक्षा मोठं काही वस्तीवर बोलू नका. आणि कोणाला आराम पडला तर लगेच मंडळीपुढे साक्ष द्यायला उभं करू नका. पुढच्या महिन्यात तिची कंबर पुन्हा धरली तर ती तोंड लपवून फिरेल.

कोणाला ॲक्युपंक्चरला आणायचंच नाही, किंवा आधी दुसरीकडे न्यायचं, हे प्रत्येकाने पाठ करावं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सुया नाहीत, तेल नाही, कुठल्या गावचं लकव्याचं औषध नाही. १०८ ला फोन करायचा आणि मोठ्या दवाखान्यात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटत असेल तर तो मणक्याचा क्षय असू शकतो, आधी तपासणी. हातपाय, सांधे वारंवार दुखणारं लेकरू किंवा तरुण असेल तर सिकल सेलची रक्ततपासणी झाली आहे का, ते विचारा. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर कित्येक समाजांत हा आजार आहे, २०२३ पासून केंद्र सरकारची त्यासाठी स्वतंत्र मोहीमही सुरू आहे. सिकल सेलच्या रोग्याला कळा सुरू झाल्या, ताप आला, छाती दुखली तर तो तातडीचा प्रसंग असतो. तिथे सुया घेऊन बसणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे.

गरोदर बाईने पहिल्या वाक्यातच ते सांगावं, कारण काही जागा तेव्हा टाळतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही. आणि चालू असलेली एकही गोळी, बीपीची, साखरेची, क्षयाची, मिरगीची, सिकल सेलची, सुया सुरू झाल्या म्हणून बंद करायची नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. नावं वाचता येत नसली तरी पाकिटं बोलतात.

सुरक्षिततेचं थोडक्यात. सुई बंद पाकिटातून रोग्यासमोर काढली पाहिजे, एकदाच वापरून जाड डब्यात टाकली पाहिजे. उकळून पुन्हा वापरतो असं कोणी म्हटलं तर खाटेवरून उठायचं, मग तो कितीही नावाजलेला असो. कावीळ ब आणि एचआयव्ही सुईवरूनही जातात. लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजाव्यात. आपली आत बसणारी भगिनी हे करील. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. म्हणून उपचार करणाऱ्याला नोंदणी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारण्यात उद्धटपणा नाही. आपल्याकडे येणाऱ्या भगिनींनी स्वतःहून दाखवली.

शेवटचा प्रश्न मंडळीतलाच. दोन-तीन जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ही चिनी विद्या, त्यात ‘ची’ नावाची शक्ती, यिन आणि यांग. ख्रिस्ती माणसाने हे घ्यावं का? प्रश्न प्रामाणिक आहे. शरीरात ‘ची’ वाहते हे जुन्या चिनी वैद्यांचं मांडणं आहे. आज पुष्कळ डॉक्टर ते न मानताही सुया वापरतात, कारण सुईने मज्जातंतू जागे होतात आणि शरीर स्वतःचीच वेदनाशामकं सोडतं, असा त्यांचा अनुभव आणि अभ्यास आहे. आपल्या केंद्रावर कोणताही मंत्र, ध्यान किंवा पूजा नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांची ढेप ठेवायला यशया संदेष्ट्यानेच सांगितलं होतं, आणि पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. औषध कुठल्या देशातलं, हा प्रश्न तिथे कोणी विचारलेला दिसत नाही. तरीही कोणाचं मन घेत नसेल तर त्याला आग्रह करू नका. आणि उलटही सांगते: रोग्याला सुया लागलेल्या असताना त्याच्या उशाशी मोठ्याने प्रार्थना करू नका. तो बिचारा उठून जाऊ शकत नाही. त्याने मागितलं तर सुया काढल्यावर, बाहेरच्या ओट्यावर जरूर करा.

पहिल्या शनिवारी आपण फक्त आठ जणांना घेणार आहोत. प्रत्येक गावातून एकच नाव द्या, आणि ते सर्वांत जास्त दुखणाऱ्याचं असेलच असं नाही. ज्याला परत सहा वेळा येणं जमेल त्याचं द्या. नावाबरोबर वय, दुखणं, चालू गोळ्या आणि घरून बसथांब्यापर्यंतचं अंतर लिहा. वही महिला मंडळाच्या सचिवांकडे आहे, चहा झाल्यावर त्या दाराशी बसतील.